अतिविषाची चव

कुंभिवलीजवळच्या ज्या कारखान्यात मी काम करते, तिथे वनस्पतींचे अर्क आणि तेलं तयार होतात. गवती चहाचं तेल, निलगिरीचं, ओव्याचं. मालिशवाल्यांची मिश्रणं, झोप लागावी म्हणून उशीवर शिंपडायचे थेंब, पचनासाठीचे अर्क. बाटलीवर नाव दुसऱ्याच कुणाचं तरी असतं, आमच्याकडून माल पिंपांतून जातो. जाण्याआधी त्यातला थोडासा माझ्या टेबलावर येतो. तो ठीक आहे की नाही हे तपासणं माझं काम.

लोकांना वाटतं, सगळं यंत्रच करतं. यंत्रं आहेत, पण सुरुवात माणसापासूनच होते. रंग डोळ्यांनी बघायचा. तेल कागदाच्या पट्टीवर घेऊन हुंगायचं, तेही सकाळी, कारण दुपारनंतर नाक थकतं. आणि पोटात घ्यायचा अर्क असेल तर काचेच्या कांडीच्या टोकावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा, थुंकायचं, चूळ भरायची. माझ्या नवऱ्याचं चौकला गॅरेज आहे. तो म्हणायचा, "आमी ग्रीस चाटत नाय, हिची नोकरीच चाटायची." मला त्या चाखण्याची कधी भीती वाटली नव्हती. उलट थोडा अभिमानच होता. गुळवेल, काडेचिराईत, कुडा हे सगळे कडूच, पण प्रत्येकाचं कडूपण मला वेगळं कळायचं.

ही गोष्ट भातझोडणीच्या दिवसांतली. त्या सकाळी माझ्यापुढे अतिविषाच्या अर्काची बाटली आली. अतिविषाच्या नावात विष असलं तरी ते औषध आहे. बाळगुटी घरात आहे तिथे ते असतंच. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड यांच्याबरोबर एक राखी रंगाचं, करंगळीच्या पेराएवढं मूळ असतं, ते हे. बाळाच्या पोटासाठी सहाणेवर उगाळून देतात. पण त्याच्याच कुळातलं दुसरं एक मूळ आहे, बचनाग. ते खरं विष. वाळल्यावर ही दोन मुळं एकमेकांच्या जवळ ठेवली तर ओळखीच्या माणसालाही दोनदा बघावं लागतं. उगाळल्यावर किंवा अर्क काढल्यावर तर डोळ्यांना काहीच कळत नाही.

अतिविषाच्या मुळांचं पोतं आलं तेव्हा आम्ही त्यातली काही मुळं तपासली होती. आत पांढरी, पिठूळ, जशी असावीत तशीच निघाली. मग पोतं अर्क काढायला गेलं. म्हणजे त्या सकाळी चव घेताना माझ्या मनात शंका यायचं काहीच कारण नव्हतं.

थेंब जिभेला लावला. कडू. थुंकले, चूळ भरली, 'कडू' असं लिहिलं आणि ओव्याच्या तेलाकडे वळले. ते मी नुसतं हुंगलं. पट्टी खाली ठेवते तर जिभेचं टोक चुणचुणायला लागलं. आधी वाटलं, ओवा नाकातून घशात उतरला असेल. अक्कलकारा चाखल्यावरही जीभ अशीच चुणचुणते, तोंडाला पाणी सुटतं आणि थोड्या वेळात सगळं निवतं. मी पुन्हा चूळ भरली. चुणचुण गेली नाही. ती जिभेवरून ओठांवर आली. मी बोटानं खालचा ओठ दाबून पाहिला. बोटाला ओठ लागत होता, पण ओठाला बोट लागत नव्हतं.

बचनागाची चव मी कधी घेतली नव्हती. कुणीच घेत नाही. पण ती कशी असते ते पुस्तकात वाचलेलं होतं, आणि ते वाक्य आता शब्द न् शब्द आठवायला लागलं. आधी चुणचुण, मग बधिरपणा. त्यापुढचं आठवू नये असं वाटत असतानाही आठवलं. पुढे ते हृदयाबद्दल होतं.

शेजारच्या खोलीत जंतुतपासणीचं काम बघणारी माझी सहकारी बसते. ती खालापूरची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिची माणसं मूळची किनाऱ्याकडची. तिच्या घरी धाकट्या बहिणी तिला आपा म्हणतात, म्हणून आम्हीही सगळे आपाच म्हणतो. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आपा, माझं तोंड वाकडं दिसतंय का?"

तिनं वर पाहिलं. "नाही. का गं?"

"अतिविष चाखलं. ओठ बधिर झालेत."

ती तडक माझ्या टेबलाशी गेली. बाटलीला बूच लावून ती आपल्या पिशवीत घातली, पिंपांना कुणी हात लावायचा नाही असं लॅबच्या साहेबांना फोनवर सांगितलं आणि मला दंडाला धरून खाली नेलं. कंपनीची गाडी उभी होती. आम्ही खोपोलीच्या बाजूला असलेल्या एका खासगी रुग्णालयाकडे निघालो. ते काही लांब नाही, पण पुढे कंटेनर होते आणि एक वळण घ्यायला इतका वेळ लागला की मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर छातीतला आवाजच ऐकू यायला लागला, म्हणून पुन्हा उघडले. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. आपानं माझा हात धरून ठेवला होता. तिच्या हाताची ऊब मला मनगटाशीच कळत होती.

"बोलत राहा," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काही पण. कालची भाजी सांग."

मी वालाच्या बिरड्याचं सांगत होते आणि माझ्याच कानांना माझे शब्द जाड झालेले ऐकू येत होते.

रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते, शांत होते. मी बचनाग म्हटल्यावर त्यांनी तो शब्द आपाकडून पुन्हा विचारून घेतला, बाटली हातात धरून पाहिली, कुठं तरी फोन लावला. तोवर माझ्या छातीला वायरी लागल्या होत्या आणि डोक्याजवळच्या यंत्रावर हिरवी रेघ सुरू झाली होती. फोन ठेवून ते म्हणाले, "तुम्ही गिळलं नाहीत हे चांगलं झालं. उतारा असा नसतो यावर. पण हृदयावर लक्ष ठेवायचं आणि ते बिघडलं तर सावरायचं, हे आम्हाला करता येतं. पडून राहा. उठायचं नाही."

मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. आधी काही आजार? काही औषधं चालू? आणि शेवटी, "हे मूळ येतं कुठून तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "कर्जतला एक व्यापारी..." आणि पुढचं बोलणं राहिलं.

कर्जतच्या बाजारात काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे. पुढे फळी टाकून किरकोळ विक्री, मागे गोदाम. आमच्या कंपनीला थोड्या प्रमाणात लागणारी मुळं त्या गोदामातून येतात. आणि आमच्या गावाकडची माणसं वेखंड, सुंठ, बाळगुटी पुढच्या फळीवरून घेतात. भिवपुरीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला माझं माहेर आहे. धाकटी बहीण तिथं बाळंतपणाला आलेली होती, मुलगी तीन महिन्यांची होती. थोड्याच दिवसांपूर्वी आईनं फोनवर सांगितलं होतं की जुनी गुटी झिजली म्हणून बाजारातून नवी आणली.

तोपर्यंत मी माझ्यासाठी घाबरले होते. त्या भीतीला काही तरी आकार होता. डॉक्टर होते, वायरी होत्या, रेघ दिसत होती. ही दुसरी भीती आली तेव्हा ती कुठं धरावी तेच कळेना. मी उठून बसले. यंत्र वाजायला लागलं. नर्सनं खांद्याला धरून खाली निजवलं.

बहिणीला फोन लावला. तिनं उचलला नाही. बाळ झोपलं की ती फोनचा आवाज बंद करून उशीखाली ठेवते हे मला माहीत होतं. आईला लावला. वाजून वाजून बंद झाला. त्या दिवसांत आई-बाबा खळ्यावर असतात, फोन घरात ओट्यावर. पुन्हा लावला, पुन्हा वाजून बंद. नवऱ्याला लावला तर त्यानं लगेच उचलला, पण मी काय म्हणतेय ते त्याला कळेना. जीभ टाळ्याला लागतच नव्हती. त्याला वाटलं मी रडतेय. आपानं फोन घेतला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "तिच्याजवळ तुमी हाय ना?"

"आहे."

"मग मी गावाला निघतो."

एवढंच. मागे कुणाच्या तरी गाडीचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

चौकहून कर्जत, कर्जतहून भिवपुरी आणि पुढे आत. मी डोळ्यांसमोर रस्ता आणत होते. आता तो फाटकाशी असेल, आता पुलावर, आणि त्याच वेळी वाटायचं, आपण मनातल्या मनात त्याला फार पुढे नेतोय. खरं म्हणजे तो अजून चौकहूनही नसेल सुटला. हिरवी रेघ मधेच एखादा ठोका गाळायची. छातीत काही तरी उलटं फिरल्यासारखं व्हायचं आणि मागोमाग यंत्र टुण् करायचं. डॉक्टर येऊन बघून जात. मला विचारायचं होतं की तीन महिन्यांच्या बाळाचं काय होतं. पण विचारलं तर ते सांगतील, म्हणून विचारलं नाही.

आईचा फोन उलट आला. पाणी न्यायला ती घरात आली होती.

मी म्हटलं, "आई, गुटी देऊ नको." निदान मला तसं म्हणायचं होतं. तोंडातून जे आलं ते ऐकून आई घाबरली.

"काय गं? काय झालं तुझ्या तोंडाला? नीट बोल ना."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. लाळ हनुवटीवर आली ती मला कळली नाही, नर्सनं पुसली तेव्हा समजलं. आपानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मी हिच्या कंपनीतली. आई, घाबरू नका. बाळाला आज गुटी दिलीत का?"

"कोन तुमी? तिला काय झालंय?"

"ती बरी आहे, दवाखान्यात आहे. आधी सांगा, गुटी दिली का?"

फोन स्पीकरवर होता. आईचा श्वास ऐकू येत होता. "दिली की. न्हाऊ घातलं, धुरी दिली, मग गुटी. रोजच्यासारखी. आता झोपलीय."

आपानं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, उठव म्हणून.

"आई, तिला उठवा जरा."

"आताच निजलीय. निजलेल्या पोराला उठवू नाय."

"उठवा. त्या गुटीत एक मूळ चुकीचं असू शकतं. हिला त्यानंच त्रास झालाय."

 आईच्या चालण्याचा आवाज आला, दार करकरलं, बहिणीचा झोपेतला आवाज आला, "काय करतेस गं, आताच डोळा लागलाय तिचा." आई तिला काही सांगत नव्हती. पाळण्याची कडी वाजली. नंतर कशाचाच आवाज नाही. आपा फोन दोन्ही हातांत धरून उभी होती. ओठ हलत होते तिचे, काही तरी पुटपुटत होती. ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग रडणं ऐकू आलं. बारीक, मधेच तुटणारं. बाळ जिवंत आहे एवढं त्यातून कळलं, पण माझी भीती गेली नाही, कारण लगेच मला ते रडणं रोजच्यापेक्षा बारीक वाटायला लागलं. मी आपाला खुणेनं विचारलं. तिनं फोनमध्ये विचारलं, "रोज असंच रडते का?"

"आता काय सांगू," आई म्हणाली. "मला तर काय कळंनासंच झालं."

बहिणीनं फोन घेतला. तिला आपानं सांगितलं की दूध ओढते का बघ, हातपाय हलवते का बघ, ओठ पुसून घे, तुझे भाऊजी येतायत, त्यांच्याबरोबर कर्जतला बाळांच्या डॉक्टरांकडे जा, आणि गुटीचा डबा सहाणेसकट बरोबर घे. बहीण एकेका गोष्टीला "हो" म्हणत होती. शेवटी तिनं विचारलं, "ताई कशी आहे?" मी बोलले नाही. माझा आवाज ऐकून ती अजून घाबरली असती.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी छताकडे पाहत होते. नवऱ्याचा फोन आला की बाळाला डॉक्टरांनी पाहिलंय, छातीचे ठोके ठीक आहेत, ओकारी नाही, अंगावर प्यालीय. तरी ठेवून घेतलंय. तो निवांत आवाजात सांगत होता, पण गाडी लावताना किल्ली तशीच राहिली आणि परत येऊन बघतो तर गाडी चालूच होती, हेही त्यानं सांगितलं. माझ्या बोटांतल्या मुंग्या आधी गेल्या. नंतर गाल. ओठ सगळ्यांत शेवटी आपले झाले. दातांनी चावून बघायचे मी, दुखलं की बरं वाटायचं.

आमच्या लॅबचे साहेब भेटायला आले. ते खुर्चीच्या टोकावर बसले. पिंपं बाजूला ठेवून कुलूप लावलंय म्हणाले, तू काळजी करू नकोस म्हणाले, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "हे सगळं नीट कळेपर्यंत बाहेर बोलू नये आपण. लोक तेलाच्या बाटल्यांनाही घाबरतील."

आपा म्हणाली, "साहेब, घाबरू देत की. कुणाच्या घरात पोर आहे ते आपल्याला कुठं माहीत आहे?"

 साहेबांनी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला की माल एकाच खेपेतला आहे. कंपनीला गेला तोच दुकानाच्या पुढच्या खणात भरला.

दुसऱ्या दिवशी मला सोडलं. बाळालाही सोडलं. मी थेट माहेरी गेले. मुलगी टक्क जागी होती, पाय झाडत होती. मी तिला घेतलं नाही, नुसती बघत बसले. बहीण माझ्याशी तुटक बोलत होती. राग माझ्यावर नव्हता, पण कुणावर तरी काढायला हवा होता. आई चुलीजवळ होती. ती बाळाकडे येत नव्हती.

गुटीचा डबा नवऱ्याकडेच होता. तो मी कामावर रुजू झाल्यावर टेबलावर उघडला. हातमोजे घातले, तोंडावर मास्क लावला. इतकी वर्षं मी काहीही उघड्या हातांनी उचलत आले होते. डब्यात अतिविष म्हणून ठेवलेली दोन मुळं होती. एक जुन्या गुटीतलं, एका बाजूनं उगाळून सपाट झालेलं, चिमटीत धरता येईल एवढंच उरलेलं. दुसरं नवं, अख्खं. झिजलेल्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि मग काचेच्या पट्टीवर दोन्हींच्या अर्काचे ठिपके चढवून शेजारी खऱ्या बचनागाचा ठिपका दिला. पट्टी द्रवात उभी केली की ठिपके वर चढत जातात आणि ज्याच्या त्याच्या उंचीला थांबतात. मी आणि आपा बघत बसलो होतो.

झिजलेलं मूळ अतिविष होतं. अख्खं मूळ बचनाग होतं.

आपा म्हणाली, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. या वेळी ठिपके तिनं चढवले. पट्टी तीच गोष्ट सांगत होती.

म्हणजे त्या दिवशी बाळ झोपलं होतं ते नुसतंच झोपलं होतं. तिला काही झालेलं नव्हतं. पण चिमटीतलं मूळ आणखी थोडं झिजलं असतं, हातातून निसटायला लागलं असतं, तर आईनं ते टाकून दुसरं घेतलं असतं. आंघोळ झाल्यावर, धुरी दिल्यावर, रोजच्यासारखं.

हे मी आईला सांगितलं. सांगू नये असं नवऱ्याचं म्हणणं होतं. आई ऐकत ऐकत खाली बसली. "तुमाला दोघींना मी हीच गुटी दिली," ती म्हणाली. "माझ्या आईनं मला दिली." मग म्हणाली, "सहाण कुठं हाय?" मी दिली. तिनं ती राखेनं घासली, धुतली, पुन्हा घासली आणि माळ्यावर ठेवून दिली. त्यानंतर बाळाला न्हाऊ घालायलाही ती हात लावेना. बहीणच घालायची. आई दारात उभी राहून पाणी द्यायची. बहिणीनं एक दिवस मुलीला सरळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः आत निघून गेली, तेव्हा कुठं आईनं तिला धरलं. धरलं तेही असं की जणू आपल्या हाताला काही लागलेलं आहे.

मी, नवरा आणि साहेब कर्जतच्या दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर आहे, आईला नावानं ओळखणारा. आम्ही गेलो तेव्हा त्यानं खण आधीच रिकामा केला होता. वर्तमानपत्रावर सगळी मुळं पसरली होती आणि भिंग घेऊन तो बसला होता. त्याच्या कपाळावर घाम होता. मी वाकून पाहिलं. त्या ढिगात आणखीही तसली मुळं होती.

"किती जणांनी नेली असतील?" साहेबांनी विचारलं.

"बाजाराचा दिवस होता मधे," तो म्हणाला. "डोंगरावरची माणसं येतात, गुटी नेतात. कोण कुठलं कसं सांगू? तोंडं आठवतात, गावं नाही आठवत." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाला, "तुझी आई आठवली होती मला."

त्यानंतर जे करता येईल ते केलं. साहेबांनी सरकारी आरोग्य केंद्रात स्वतः जाऊन सांगितलं, बाहेर बोलू नये म्हणणारे हेच साहेब. आशा सेविकांनी घरोघर निरोप नेला. दुकानदारानं फळीवर पाटी लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायला लागला. गुटीच्या पुड्या माझ्या टेबलावर यायला लागल्या. कापडात, प्लॅस्टिकच्या डब्यांत, एक तर बाळाच्या टोपऱ्यात बांधलेली.  बहुतेक ठीक निघाल्या. काही नाही निघाल्या. त्या घरांतली बाळं सुखरूप होती, हे आम्ही पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. पण ज्या पुड्या आल्याच नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला भाजी चिरतानाही यायचा. कुणाच्या घरी बाळ गेल्याचं कानावर आलं नाही. कानावर न येणं आणि न होणं यांतलं अंतर या डोंगरात केवढं आहे ते मला माहीत आहे.

अर्क न तपासता चाखायचा नाही असा नियम झाला. आधी काचेची पट्टी, मग जीभ. मी नियमानं वागते. तरीही कांडी तोंडाजवळ नेताना मान आपोआप मागे जाते. चाखून झाल्यावर मी बराच वेळ ओठ चावत बसते, दुखतोय ना हे बघत.

त्या दिवसांतच एका आशा सेविकेबरोबर एक बाई आली होती. वरच्या वाडीतली, काखेत मूल. पदराच्या गाठीतून तिनं गुटी काढून दिली. मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मुळं तपासली. अतिविष खरं होतं. पुन्हा तपासलं. खरंच होतं. मी बाहेर येऊन गुटी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, "मूळ बरोबर आहे."

"बरी हाय?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे."

"मग देऊ ना?"

सोपा प्रश्न होता. उत्तर माझ्या हातातल्या पट्टीवर होतं. मी आशा सेविकेकडे पाहिलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारून द्यावं." बाई तिच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. "तू बघितलंस ना," ती म्हणाली. "तू सांग."

मूल तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत होतं. मला माझ्या तोंडात ती चुणचुण परत आल्यासारखी वाटली. ती नव्हती हे मला कळत होतं.

"माझं मूल असतं तर मी नसती दिली," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. बाकीची गुटी गाठीत बांधली, अतिविषाचं मूळ तेवढं बाकावर ठेवलं आणि आशा सेविकेच्या मागून फाटकाकडे गेली. ते मूळ मी आत आणलं. चांगलं, खरं अतिविष होतं ते. तिच्या वाडीपासून डॉक्टर फार लांब आहे, आणि त्या रात्री तिच्या मुलाचं पोट दुखलं तर ती काय देणार, हे मी तिला विचारायला हवं होतं.